दीडशे लिटरची परसबाग

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पुण्याला भाजी पुरवतात. दिवस मावळला की तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, यवत, केडगाव या बाजूंच्या रस्त्यांवर कोथिंबीर-मेथीच्या जुड्या रचलेले टेंपो दिसू लागतात. रात्रीत ते गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचतात आणि पहाटे शेकड्याच्या भावाने माल उठतो. याच गावांत आठवडे बाजाराच्या दिवशी थोडा वेळ उभे राहून पाहावे. ज्यांच्या रानात कांदा आहे, ऊस आहे, विहिरीवर मोटार आहे, त्या घरांतल्या बाया पिशवी घेऊन पावशेर मिरची, अर्धा किलो वांगी आणि एक जुडी मेथी विकत घेत असतात. ती मेथी कुठून आलेली असते? पुष्कळदा शेजारच्याच गावातून पुण्याला जाऊन, तिथल्या व्यापाऱ्याच्या हातून परत आलेली असते.

हे असे पूर्वीपासून नव्हते. न्हाणीच्या पाण्यावर अळू, त्याच्या पलीकडे केळीचे खुंट, कुंपणावर वाल-पावटा, गोठ्याच्या छपरावर दुधी नाहीतर घोसाळी, दाराशी कढीपत्ता, असे परस या भागातल्या जुन्या घरांना होते. पुढे पाणी आले. दौंडला खडकवासल्याचा कालवा, शिरूरला चासकमानचा, घोड धरणाचा. पाण्यामागून ऊस आला आणि तो थेट उंबऱ्यापर्यंत आला. जी हातभर जागा उरली तिच्यावर कोबा झाला, न्हाणीचे पाणी पाइपातून गटारात गेले. घरात पैसा आला हे खरे आहे आणि चांगलेच आहे. पण ताटातली हिरवी भाजी बाजाराच्या वारावर अवलंबून राहू लागली. बाजाराच्या दिवशी पालेभाजी, नंतर दोन दिवस वांगी-बटाटा आणि पुढचा बाजार येईपर्यंत डाळ, पिठले, कडधान्य. रक्त कमी असलेल्या बायकांच्या आणि मुलांच्या घरांत हा क्रम सर्रास आढळतो, आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते.

म्हणून या दोन तालुक्यांत नव्याने परसबाग करू पाहणारी माणसे दिसली की बरे वाटते. ती तऱ्हेतऱ्हेची आहेत. 'उमेद' अभियानाच्या बचतगटांतून पोषण परसबागेची मोहीम गावोगाव पोचली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत मुले वाफे करतात आणि त्यातली भाजी शालेय पोषण आहाराच्या खिचडीत पडते. शिक्रापूरच्या बाजूला प्लॉट घेऊन घर बांधलेले निवृत्त लोक आहेत. रांजणगावच्या कारखान्यांत कामाला आलेली, एका खोलीत राहणारी मराठवाड्या-विदर्भातली जोडपी आहेत. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यभर शेती पाहिली आहे, पण घरापुरती भाजी पहिल्यांदाच लावताहेत. कांद्याचा एकर सांभाळणे आणि चार वाफ्यांतून वर्षभर पाच माणसांना भाजी पुरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. एकरात सगळा माल एकदम तयार व्हावा लागतो. परसात तो एकदम तयार झाला तर वाया जातो.

पहिल्या वर्षी बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. जागा किती आहे ते पाहून लोक वाफे आखतात. घरामागे अर्धा गुंठा मोकळा आहे, मग अर्धा गुंठा खणून काढतात. दिवाळीनंतर सगळे हिरवेगार होते. फेब्रुवारीच्या शेवटी पाने माना टाकतात, मार्चमध्ये घरात पाण्यावरून बोलाचाली होते आणि एप्रिलमध्ये तिथे वाळलेल्या काटक्या उरतात. या पर्जन्यछायेच्या मुलखात वर्षाचा पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, परतीच्या पावसात. इथे वाफा आखायची सुरुवात पाण्यापासूनच करावी लागते.

तर पाणी मोजू. जलजीवन मिशनने गावातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. त्यातले पिण्या-स्वयंपाकाचे आणि संडासाचे सोडले तर अंघोळ, भांडी, धुणे यांचे साधारण दीडशे लिटर रोज मोरीतून बाहेर पडते. हे पाणी फुकटचे आहे, त्याला ना कालव्याचे आवर्तन लागते ना विजेची पाळी. आता पिकाची गरज पाहा. थंडीत इथल्या भाजीला दिवसाला चारएक मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे एका चौरस मीटरला चार लिटर. एप्रिल-मेमध्ये हीच गरज सात-आठ लिटरांवर जाते. भागाकार केला की उत्तर समोर येते. दीडशे लिटरवर हिवाळ्यात २० फूट बाय २० फूट एवढी जागा जगते आणि उन्हाळ्यात २० बाय १०. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. थोडक्यात, सांडपाण्यावरची परसबाग हिवाळ्यात गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी मोठी आणि उन्हाळ्यात गुंठ्याचा पाचवा हिस्सा. नवख्याने पहिल्या वर्षी याच्याही निम्मीच जागा धरावी, कारण हात बसेपर्यंत पाणी वाया जातेच.

केंदूर-पाबळच्या बाजूला एका मावशींचा परस पाहिला, तो या हिशेबात चपखल बसणारा होता. हिशेब त्यांनी कागदावर मांडला नव्हता. न्हाणीच्या मागे पाणी पडते तिथे विटांचे तुकडे, त्यावर खडी, त्यावर वाळू भरलेला एक छोटा खड्डा. साबणाचा फेस तिथे बसतो. खड्ड्याच्या कडेला अळू आणि कर्दळ. तिथून निघालेला पाट तीन वाफ्यांच्या डोक्याशी येतो आणि मातीच्या बोळ्याने पाणी एकेका वाफ्यात वळवता येते. एका वाफ्यात हाताएवढी मेथी, दुसऱ्यात नुकताच उगवून दोन पानांवर आलेला पालक, तिसरा रिकामा, खत टाकून पाणी देऊन ठेवलेला. कडेला वांग्याची सहा झाडे आणि मिरचीची चार. शेवटी जुन्या तारेच्या मांडवावर दुधी, त्याच्या बुडाशी गळ्यापर्यंत पुरलेले एक मडके. मडक्यात दोन दिवसांतून एकदा पाणी भरायचे, ते पाझरून मुळाशी जाते. रिकाम्या वाफ्याबद्दल विचारले तर म्हणाल्या, "आवं दादा, समदं एकदम पेरलं तर समदं एकदम खावं लागंल. आज ह्यात पेरायचं, पंधरा दिसांनी त्यात." कपड्यांचे पाणी मात्र त्या वाफ्यांत जाऊ देत नाहीत. "सोड्याचं पाणी हाय ते. केळीला चालतं, मेथी पिवळी पडती." धुण्याच्या पावडरीतला सोडियम काळ्या चिकण मातीत साठतो आणि मातीचा पोत बिघडवतो. मावशींनी ते मेथीच्या पानावरून ओळखले होते.

पाबळचा उल्लेख झालाच आहे, तर तिथल्या विज्ञान आश्रमाबद्दल सांगायलाच हवे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले संशोधक. हिंदुस्थान लिव्हरमधले काम सोडून ते १९८३ मध्ये मस्तानीच्या कबरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या दुष्काळी गावात येऊन राहिले. शाळेतल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करत शिकावे, अशी त्यांची मांडणी होती. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी आखलेल्या अभ्यासक्रमात यंत्रकाम, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि घर-आरोग्य असे चार भाग आहेत. मूल रोपवाटिका करते, वाफ्याचे क्षेत्रफळ काढते, बियाणे वजन करून घेते, खर्च लिहिते. जमिनीचा विद्युतरोध मोजून खालचे पाणी शोधायचे उपकरणही इथे तयार झाले आणि गावातल्या तरुणांनी ते चालवले. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रम चालू आहे. पहिली बाग करणाऱ्याने पाबळकडून घ्यावे ते हे की वही हवी. कधी पेरले, किती पाणी घातले, किती जुड्या निघाल्या, हे तारखेनिशी लिहिले तर दुसऱ्या वर्षी तोच वाफा दुप्पट देतो. शेतकरी माणसाला ही वही बारीक काम वाटते. पण परस म्हणजे बारीक कामच आहे.

दौंडच्या बाजूलाही एक जुने उदाहरण आहे, आणि ते फार मोठे आहे. पंडिता रमाबाईंनी १८९०च्या दशकात केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग लावावी, तिच्या उत्पन्नावर आपली शारदा सदनची संस्था चालावी, असा त्यांचा विचार होता. तेवढ्यात १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली आणि बायका सोडवून आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून या सगळ्यांना केडगावच्या उघड्या रानावर आणून ठेवावे लागले. १८९८ मध्ये तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९००च्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या हजारावर गेली. त्या रानात विहिरी खोदल्या गेल्या, आणि शेती, दूधदुभते, विणकाम, छपाई ही कामे मुलींच्या हाती आली. कालव्याच्या भरवशावर नसलेल्या माळावर, दुष्काळाच्याच वर्षांत, उपासमारीतून आलेल्या मुलींनी हे उभे केले. पहिली बाग करायला आपल्याकडे अनुभव नाही असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने केडगावला एकदा जाऊन यावे, असे मला वाटते.

अनुभव मिळवता येतो, पण जमीनच नसेल तर? जगात इतरत्र बिनशेतीच्या माणसाची सोय कायद्याने झाली आहे. इंग्लंडमध्ये १९०८च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर जबाबदारी आली की मागणी असेल तर कामगार कुटुंबांना भाजीसाठी जमिनीचे तुकडे भाड्याने द्यायचे. तिथला रूढ तुकडा एकराचा सोळावा हिस्सा, म्हणजे आपले बरोबर अडीच गुंठे. जर्मनीतही अशाच वसाहती आहेत. आपल्याकडे शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते, आणि तुकडेबंदीच्या १९४७च्या कायद्यामुळे शेतीसाठी गुंठा-दोन गुंठे वेगळे काढून घेणेही सरळ नाही. या कायद्यांमागची कारणे योग्य होती, त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण रांजणगावच्या चाळीत राहणाऱ्या, गावाकडे जमीन सोडून आलेल्या बाईला दहा फूट माती कुठून मिळणार? ग्रामपंचायतींच्या आणि गृहप्रकल्पांच्या मोकळ्या जागा आहेत, बहुतेक ठिकाणी तिथे गाजर गवत वाढते. ठराव करून, वर्षाच्या कराराने, नाममात्र भाड्यावर तिथले वाफे द्यायला काय हरकत आहे? मालकी कोणाचीच बदलत नाही.

तोवर चाळीतल्या जोडप्यांनी आपला मार्ग काढला आहे. गॅलरीत पोती, तेलाचे डबे, जुने टायर. त्यांना एकच गोष्ट कळकळीने सांगतो. कारखान्यातून बाहेर आलेले रसायनांचे ड्रम किंवा रंगाचे डबे कितीही धुतले तरी त्यांत भाजी लावू नये. सिमेंटची रिकामी पिशवी किंवा खाद्यतेलाचा डबा, तळाला भोके, खाली वाळलेला पाला आणि वर माती-शेणखत निम्मे निम्मे, एवढ्यावर पालक, मेथी, मिरची आणि एखादे वांगे सहज येते. मुंबईच्या गच्चीवर उसाचा चोथा भरून भाजी पिकवण्याचा प्रयोग रमेश दोशींनी केला. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून दहा गुंठ्यांवर एका कुटुंबाचा चरितार्थ मांडून दाखवला. गुऱ्हाळांच्या आणि साखर कारखान्यांच्या या मुलखात चोथ्याला आणि पाचटाला तोटा नाही.

पाचट हे इथले खरे धन आहे. ऊस तुटला की लोक ते पेटवून देतात आणि दोन-दोन दिवस धूर राहतो. तेच पाचट वाफ्यात रोपांच्या मधून चार बोटे जाड पसरले की माती सावलीत राहते, तण दबते आणि पाण्याची पाळी लांबते. मेथी-कोथिंबिरीच्या दाट वाफ्यात ते जमत नाही, पण वांगी, मिरची, टोमॅटो आणि सगळ्या वेलांना जमते.

वाफ्याच्या आकाराबद्दल इथे स्पष्ट मत देतो. मोबाइलवर दिसणाऱ्या बागांत उंच गादीवाफे असतात, लाकडी फळ्यांच्या चौकटी असतात. जिथे पाऊस धो धो पडतो तिथे ते बरोबर आहे, पाणी साचू नये म्हणून ती उंची असते. शिरूर-दौंडच्या हिवाळ्यात गादीवाफा चहूबाजूंनी वाळतो. इथे जमिनीच्या पातळीचा किंवा वीतभर खोल गेलेला सपाट वाफा करावा, रुंदी तीन ते चार फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसून मधल्या रोपापर्यंत हात पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. गादीवाफा रोपे तयार करायला आणि पावसाळ्यासाठी राखावा. बचतगटांच्या परसबागा चाकासारख्या गोल आखलेल्या दिसतात, मधोमध कंपोस्टचा खड्डा आणि भोवती वाफे. दिसायला सुंदर, शिकवायलाही सोप्या. पण मोरीचे पाणी पाटाने आणायचे असेल तर सरळ लांबट वाफ्याइतके सोयीचे काही नाही.

माती दोन्ही तालुक्यांत एकसारखी नाही. शिरूरच्या माळावर टिकाव मारला की दोन वितींवर मुरूम लागतो. तिथे खोल खणायच्या नादाला लागू नये, वरच भर घालावी. ओढ्याकाठचा गाळ मिळाला तर तो, नाहीतर शेणखत आणि कुजलेला पाला दर हंगामाला. भीमेच्या आणि कालव्याच्या बाजूला दौंडमध्ये काळी भारी जमीन, आणि वर्षानुवर्षे उसाला मोकाट पाणी दिल्याने तिचे चोपण झालेले पट्टे. उन्हाळ्यात वर पांढरे क्षार फुटलेले दिसतात. दिलेले पाणी मुरत नाही, साचून राहते. अशा जागी घेवडा आणि गाजर लावून हिरमुसले होऊ नये, ती पिके खारटपणा सोसत नाहीत. पालक आणि बीट सोसतात. पहिल्या पावसात धैंचा पेरून फुलावर यायच्या आत गाडला की जमीन हळूहळू उघडते. जिप्सम टाकायचे तर माती तपासूनच टाकावे. चुनखडीच्या जमिनीत आणखी एक गोष्ट घडते. कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्याच राहतात. ही लोहाची कमतरता, युरिया टाकून ती जात नाही. खालची जुनी पाने आधी पिवळी झाली तर मात्र नत्र कमी आहे असे समजावे.

दौंडकरांसाठी पाण्याबद्दलही एक खबरदारी. पुण्याचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलवरून उचलून जुन्या मुठा कालव्यात, लोक ज्याला बेबी कालवा म्हणतात त्यात, सोडले जाते. उसाला ते चालते. कोथिंबीर, मुळा, काकडी, गाजर अशा कच्च्या खायच्या भाजीवर ते घालू नये. घरचे अंघोळीचे पाणीही पानांवर शिंपडायचे नाही, मुळाशीच सोडायचे.

शेणखताची गोष्ट तर ऊसपट्ट्यात फार महत्त्वाची. वळवाचे पहिले पाऊस झाले की संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर तपकिरी भुंगेरे जमतात. हे हुमणीचे. त्यांच्या अळ्या पुढे जमिनीत राहून मुळे खातात आणि उसाइतक्याच आवडीने वांग्या-मिरचीचीही खातात. ओले, अर्धवट कुजलेले शेण वाफ्यात टाकले की ही अळी आपणच घरात आणतो. काळे, भुसभुशीत, शेणाचा वास न येणारे खतच घ्यावे. टाकण्याआधी ते पसरून पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या वेचून कोंबड्यांना घालाव्यात.

परतीचा पाऊस सरल्यानंतरचा काळ सुरुवातीला सगळ्यात चांगला. पावसाची ओल खाली असते, ऊन उतरलेले असते, किडी कमी असतात. पहिला मान मेथीला द्यावा. तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात उपटायला येते आणि नवख्याचा धीर टिकवते. पालकाची पहिली कापणी पाच आठवड्यांत, पुढे पंधरा-पंधरा दिवसांनी तीन-चार वेळा. मुळा दीड महिन्यात. कोथिंबिरीत पुष्कळांचे बिनसते. अख्खे धने पेरले जातात आणि उगवण विरळ होते. धने चपलेखाली किंवा लाटण्याने हलकेच रगडून दोन डाळी करायच्या, रात्रभर भिजवायच्या, मग ओळीत पेरायच्या. त्यानंतरही आठ-दहा दिवस काही दिसत नाही. तोवर वाफा उकरून पाहू नये, पाणी झारीनेच द्यावे, नाहीतर वरची माती कडक बसते आणि कोंब खालीच राहतो. लसणाच्या कुड्या वाफ्याच्या कडेने टोचाव्यात. टोमॅटो आणि वांग्याची रोपे घरी करायला चार-पाच आठवडे लागतात, पहिल्या वर्षी ती रोपवाटिकेतून आणली तरी चालतील.

बियाणे घेताना सुधारित वाण मागावा. पुण्याजवळच्या मांजरीचे नाव असलेले 'मांजरी गोटा' वांगे या भागाच्या भरीत-भाजीच्या चवीचे आहे. भेंडीत 'परभणी क्रांती', गवारीत 'पुसा नवबहार', कांद्यात राजगुरुनगरच्या संशोधन केंद्राचे 'भीमा' मालिकेतले वाण. सुधारित वाणाचे एक झाड बियाण्याला राखता येते, संकरिताचे बी पुढच्या वर्षी तसेच येत नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती अशाच परसातल्या बियाण्यांच्या जतनासाठी. त्यांच्या कामाला साथ देणारी 'बायफ' संस्था तर दौंडच्या वेशीवरच, उरुळी कांचनला, मणिभाई देसाईंनी उभी केलेली.

किडीला घाबरून पहिल्याच आठवड्यात औषधाच्या दुकानात जाऊ नये. घरच्या वीस झाडांना डोळे आणि हात पुरतात. वांग्याचा एखादा शेंडा दुपारी मलूल होऊन लोंबताना दिसला की तो बोटभर खालून खुडून चिरून पाहावा, आत फिकट गुलाबी अळी सापडते. रोज एक फेरी मारून असे शेंडे खुडून जाळले तर पुढे फळे फारशी किडत नाहीत. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसली तर तो केवडा, पांढऱ्या माशीने आणलेला. ते झाड उपटायचेच, त्याला औषध नाही. टोमॅटोच्या कडेने झेंडू लावावा. दुधी-कारल्याला सुरुवातीला नुसती फुले येतात आणि गळतात म्हणून लोक वैतागतात. ती नर फुले असतात. मागाहून बुडाशी इवलेसे फळ घेऊन मादी फुले येतात. मधमाश्या कमी असतील तर नर फूल तोडून मादी फुलाला हाताने लावावे. कारल्याचे आणि काकडीचे फूल सकाळी उमलते, दुधीचे तिन्हीसांजेला.

तिन्हीसांजेचा विषय निघाला म्हणून सांगणे भाग आहे. शिरूरच्या बेट भागात आणि भीमाकाठच्या ऊसपट्ट्यात बिबट्या आता उसातच जन्मतो आणि वाढतो. या गावांनी माणसे गमावली आहेत, लहान मुले गमावली आहेत. परसबाग उसाला लागून करू नये. घर आणि ऊस यांच्यामध्ये मोकळी, दिवा लावता येईल अशी पट्टी ठेवावी. अंधार पडल्यावर वाकून खुरपणे, पाणी देणे टाळावे, आणि मुलांना एकटे वाफ्यात पाठवू नये. दुधीचे परागीकरण राहिले तर राहू द्यावे.

होळी झाली की बाग आवरती घ्यायची. चार वाफे असतील तर दोन करायचे. पालेभाजीचा शेवटचा वाफा काढून तिथे पाचट पसरून ठेवायचे. पाणी पहिल्यांदा वेलाच्या मडक्याला, मग वांगी-मिरचीला, उरले तर कढीपत्ता आणि शेवग्याला. वांग्याची झाडे गुडघ्याएवढी छाटली तर ती कमी पाण्यात तग धरतात आणि पावसावर पुन्हा फुटतात. अळू सुकून गेले तरी कंद जमिनीत जिवंत असतात. गवार आणि चवळी एवढी दोनच पिके उन्हाळ्यात नव्याने पेरण्याजोगी. त्यांच्यासाठी कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावू नयेत, मोरीचे पाणी पुरेल तेवढीच पेरावीत. जूनमध्ये मृगाची एखादी चांगली सर पडली की मांडवाखाली दोडका, भोपळा आणि काकडीच्या बिया दोन-दोन टोकाव्यात. त्याच सुमाराला कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवाव्यात. हिवाळ्यात मावा दिसला की अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, फडक्यातून गाळायच्या आणि दहा लिटर करून फवारायच्या. वीस बाय वीसच्या परसाला वर्षभरासाठी पाच किलो निंबोळ्या पुष्कळ होतात.